डॉकची खालची बाजू

अमेरिकेत मिसुरी राज्यात ओसेज नदीवर बॅग्नेल नावाचं धरण आहे. 1929 साली ते बांधायला घेतलं, 1931 साली पुरं झालं. वीज तयार करण्यासाठी एका खासगी कंपनीने ते बांधलं आणि त्यामागे जे पाणी साठलं त्याला लेक ऑफ द ओझार्क्स म्हणतात. सुमारे 54,000 एकरांचा हा जलाशय डोंगरांच्या घळीघळींतून असा वेडावाकडा शिरलाय की त्याचा किनारा 1,150 मैल भरतो. तिकडच्या कित्येक सरकारी धरणांच्या काठी झाडी राखलेली असते, घरं मागे असतात. इथे काठाची बरीचशी जमीन खासगी मालकीची. त्यामुळे घराला लागून घर, आणि घराच्या पायऱ्या जिथे पाण्याशी उतरतात तिथे एक तरंगता धक्का. तिकडचे लोक त्याला डॉक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

डॉक फोमच्या ठोकळ्यांवर तरंगतो. पाणी चढलं की चढतो, उतरलं की उतरतो, आणि वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून पोलादी तारांनी काठाशी बांधलेला असतो. वर छप्पर, आत होडी उचलून ठेवायची लिफ्ट, कडेला पोहणाऱ्यांसाठी शिडी, दोन खुर्च्या. घरमालकाला डॉक दिसतो तो एवढा. खाली मात्र दुसराच संसार चाललेला असतो. फोमच्या कडांवर शेवाळ धरतं. त्यातले किडे वेचायला ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे येतात आणि त्यांच्या मागोमाग बास येतो. उघड्या पाण्यावर ऊन रणरणत असतं तेव्हा हा मोठ्या तोंडाचा हिरवट मासा डॉकच्या गर्द सावलीत, फोमच्या अगदी पोटाशी, जवळजवळ निश्चल उभा राहतो आणि उजेडातून जाणारं भक्ष्य हेरतो. म्हणून बास गरवणारा माणूस एवढं मोकळं पाणी सोडून लोकांच्या दाराशी येतो. मासाच तिथे राहायला गेलेला असतो.

पाण्यावर होडीने फिरायला आणि परवाना काढून मासे धरायला इथे कोणालाही मुभा आहे. डॉक मात्र मालकाचा, त्यावर परक्याने पाय ठेवायचा नाही. कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. पण ती जाते डॉकच्या कडेवरून, आणि गळ टाकायचा असतो तो बरोबर त्या कडेखाली.

या तळ्यावर एक तरुण दर शनिवारी यायचा. आठवडाभर गोदामात खोकी उचलायची आणि शनिवारी उजाडायच्या आत होडी पाण्यात लोटायची, हा त्याचा नेम. कायदा त्याला तोंडपाठ होता. मिसुरीत कुठल्याही डॉकपासून 100 फुटांच्या आत आल्यावर होडी अगदी मंद चालवावी लागते, तो चालवायचा. परवाना खिशात असायचा. कायदेशीर मासेमारी करणाऱ्याला मुद्दाम त्रास देणं हा तिथे गुन्हा आहे. त्या कलमाची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने बसायच्या जागेखाली ठेवली होती. कोणी ओरडलं की तो ती बाहेर काढायचा.

ग्रँड ग्लेझ नावाच्या फाट्यावर, एका आत शिरलेल्या घळीत, एका म्हाताऱ्या बाईंचा डॉक होता. नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते. डॉक त्यानेच उभारलेला. त्याला क्रॅपी नावाच्या माशांचा शौक होता. हिवाळ्यात सीडरची झाडं तोडून, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधून तो ती डॉकभोवती बुडवायचा, कारण बुडालेल्या फांद्यांत मासे घर करतात. कठड्यावर त्याने रॉड अडकवायच्या खोबण्या बसवल्या होत्या. गरवणाऱ्याच्या नजरेला अशी खोबण दिसली की त्याने ओळखावं, इथे खाली झाडं आहेत. तरुणाने ओळखलं.

पहिल्या शनिवारी बाई घरातल्या कपड्यांवरच पायऱ्या उतरून आल्या. म्हणाल्या, "इथून जा."

"मॅडम, पाणी सार्वजनिक आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. आपलं बरोबर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी होडीच्या लिफ्टचा हवेचा पंप सुरू केला. घरघर आणि बुडबुडे, मासे पांगले. त्याने थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि पंप बंद होईपर्यंत तिथेच थांबला. त्याच्या पुढच्या शनिवारी कलमाची प्रत बाहेर आली. बाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि काही न बोलता वर गेल्या. आपण जिंकलो असं त्याला वाटलं. आणि मग तर त्या डॉकपाशी जायचंच, मासा मिळो न मिळो, असं होऊन बसलं.

तो वाईट मुलगा नव्हता. पण बाईंच्या खिडकीतून हेच सगळं कसं दिसत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. पहाटे साडेपाच वाजता, निजायच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, एक अनोळखी पुरुष होडीच्या टोकावर उभा आहे. त्याचं नाव माहीत नाही. तो आपल्या घराकडे तोंड करून आपल्या वस्तूंच्या दिशेने काहीतरी फेकतो आहे. मधूनच शिशाचं वजन होडीच्या पत्र्यावर टणकन आपटतं. घरात आपण एकट्या. अशा वेळी सार्वजनिक पाण्याची व्याख्या कोणाला आठवेल?

एका शनिवारी त्याची फेक चुकली. नकली मासोळी डॉकच्या शिडीजवळ, कडेच्या जाड गालिच्यात रुतली. लाकडात कोरून त्याने स्वतः रंगवलेली मासोळी होती ती. पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ, आणि ब्लूगिलच्या छातीसारखा रंग यावा म्हणून गळ्याशी नेलपॉलिशचा नारिंगी ठिपका. ओढून सुटेना. डॉकवर पाय ठेवायची परवानगी नाही, हा कायदा त्याला ठाऊक होता. दार वाजवून विचारायचं तर भांडण झालेलं. त्याने रीळ घट्ट धरलं, हिसका दिला, तंगूस तुटला आणि तो पुढच्या डॉककडे गेला.

नंतरच्या शनिवारी बाई आधीच डॉकवर उभ्या होत्या. पंप बंद होता. तो जवळ आल्यावर त्यांनी मुरंब्याची एक रिकामी बरणी कठड्यावर ठेवली. आत मासोळी होती. मागच्या गळाचं एक टोक पकडीने कापलेलं होतं.

"हा तुमचा का?"

त्याने नारिंगी ठिपका पाहिला. "हो. माझाच."

"माझी नात आठ वर्षांची आहे. शिडीवरून वर आली आणि गालिच्यावर पाय ठेवला. टाचेत खोलवर गेला. उलटा काटा असतो म्हणून मागे ओढता येत नाही. दवाखान्यात नेऊन भूल दिली, टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, कापलं, मग गळ निघाला." त्या थांबल्या. "पाणी सगळ्यांचं आहे, हे तुम्ही मला सांगितलंत. मी ऐकलं. आता हा गळ कोणाचा, तेही तुम्हीच सांगितलंत."

त्या दिवशी त्याने कलमाची प्रत काढली नाही. "चुकलो" म्हणाला, तेही पुरतं ऐकू जाईल असं नाही, आणि होडी वळवली.

होडी पाण्यातून ओढून गाडीवर चढवायच्या उतारावर त्याला एक म्हातारा गाठ पडला. लोकांना मासे दाखवत फिरवण्यात त्याने सगळं आयुष्य घालवलं होतं. तोही याच घळींत, याच डॉकखाली गळ टाकायचा, आणि लोक त्याला हात करायचे. तरुणाने त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमच्यावर कोणी पंप का सोडत नाही?"

म्हाताऱ्याने उत्तर द्यायच्या आधी त्याच्या होडीत नजर टाकली. "डॉकजवळ तीन तोंडांचे गळ कशाला? एकेरी गळाचा जिग घे, त्याला ताठ केसांचं कुंपण असतं, लाकडात, दोरीत अडकत नाही. आणि फेकायला शीक."

"मला येतं फेकता."

"तुझ्या अंगणात एक बादली ठेव. तिच्यावर एक फळी आडवी ठेव, वीतभर फट राहील अशी. त्या फटीतून जिग आत गेला की मग लोकांच्या डॉककडे ये. तोवर मोकळ्या पाण्यात गरव."

तरुणाला राग आला, पण तो गेला आणि बादली मांडली. डॉकखाली आमिष टाकायची एक रीत आहे. रॉड आडवा धरायचा, हात पाण्याच्या पातळीला समांतर फिरवायचा आणि दहा-बारा ग्रॅमचा जिग असा सोडायचा की मुलांनी फेकलेल्या चपट्या दगडासारखा तो पाण्यावर टप्पे घेत फटीतून थेट आतल्या अंधारात जावा. हे दिसतं सोपं. अंगठा रिळावरून क्षणभर लवकर उचलला तर जिग छपरावर, उशिरा उचलला तर समोरच पाण्यात, आणि जरा दुर्लक्ष झालं की रिळावर तंगुसाचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात संध्याकाळ जाते. तरुणाने गुंते सोडवले. गवतावर टप्पे नीट पडत नाहीत म्हणून शेजारच्या डबक्यावर फळी नेऊन मांडली. पान गळायला लागलं तेव्हा जिग मनात धरलेल्या जागी जाऊ लागला.

मग म्हाताऱ्याने त्याला आपल्या होडीत घेतलं. तरुणाला वाटलं होतं, हा काहीतरी गुपित सांगेल. म्हातारा तर निम्मे डॉक सोडूनच देत होता. खुर्चीवर माणूस दिसला की लांबून हात करायचा आणि पुढे. मुलं पोहत असली की वळसा घालून पलीकडून. कोणी डॉकवर काम करत असेल तर विचारायचा, "या कोपऱ्याशी दोनदा गळ टाकला तर चालेल का?" आणि नाही म्हटलं तर "बरं" म्हणून निघायचा, तोंड वाकडं न करता. रिकाम्या डॉकवर तीन-चार फेकी, तेवढ्यात मासा लागला तर लागला. एकदा त्याचाही जिग एका दोरीत अडकला. त्याने बॅटरीवरची मोटर हळू चालवून होडी दोरीपाशी नेली, डॉकला हात न लावता जिग सोडवला आणि तिथेच दुसऱ्या कोणाचा तरी लोंबणारा जुना तंगूसही गुंडाळून खिशात घातला.

"पण हक्क आहे ना आपल्याला?" तरुण न राहवून म्हणाला. "कोणी नाही म्हटलं म्हणून जायचं कशाला?"

"आहे. मी कुठे सोडलाय तो?" म्हातारा म्हणाला. "पोरा, हक्क पाण्यावर आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाला सकाळ शांत जावी असं वाटतं, त्याच्यावर तुझा काही हक्क नाही. आणि तोच तुझा रोजचा शेजारी आहे. कोर्ट इथून लांब आहे."

या गोष्टीत बोध आहे तो एवढाच, आणि तो म्हाताऱ्याने सरळ सांगून टाकला. पण नुसता ऐकून तो कळतो असं मला वाटत नाही. तरुणालाही त्या दिवशी तो पटला नव्हता. त्याने म्हाताऱ्यासारखं वागायला सुरुवात केली ती मासे मिळतात म्हणून.

वसंतात तो परत त्या घळीत गेला. बाईंच्या डॉकपासून लांब थांबला आणि नमस्कार केला. बाईंनी पाहिलं, उत्तर दिलं नाही. त्याने त्या डॉकखाली गळ टाकला नाही. पुढच्या वेळीही नाही. मे महिन्यात नात सुट्टीला आली होती. ती कडेवर पाय सोडून बसली होती. तिने विचारलं, "माझ्या पायात गेला तो तुझाच होता का?" तो म्हणाला, "हो, माझाच. आता मी तसले वापरत नाही." आणि त्याने तिला जिग दाखवला, केसांच्या कुंपणावर बोट दाबून आत दडलेला गळ दाखवला. बाई दारातून बघत होत्या. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःहून हात केला. मग एकदा म्हणाल्या, "आम्ही उठायच्या आत नको. सातनंतर येत जा." तुम्ही जाऊन तू आला होता.

जूनमध्ये एका रात्री मोठं वादळ झालं. सकाळी पाण्यावर फांद्या आणि ओंडके तरंगत होते. तरुण सातनंतर घळीत शिरला. बाईंच्या डॉकची एक तार सैल पडली होती आणि डॉक काठापासून तिरका सरकला होता. घरातून डॉकवर वीज नेणारी केबल काठ आणि डॉक जोडणाऱ्या छोट्या पुलाच्या खालून जाते. ती ताणली जाऊन खिळ्यांतून सुटली होती, तिचं वरचं आवरण लोखंडी कडेवर घासून फाटलं होतं आणि तो भाग पाण्यात लोंबत होता. वरून हे दिसायचं कारणच नव्हतं. पुलाची फळी जागच्या जागी होती, खुर्च्या कोरड्या होत्या. गळ टाकणारा माणूस डॉकखाली बघत येतो, म्हणून त्याला दिसलं.

गोड्या पाण्यातली वीज फार फसवी असते. माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे गळती झालेला प्रवाह पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. घरातला दिवा मिणमिणणारही नाही एवढ्या प्रवाहाने हातपाय आखडतात आणि माणूस बुडतो, कित्येकदा हाक न मारताच. बघणाऱ्याला वाटतं, पोहता येत नसेल. याच तळ्यावर 2012 सालच्या 4 जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, दोन लहान भावंडं डॉकजवळ पोहताना अशी गेली. तिथल्या लोकांच्या ते अजून लक्षात आहे, तरुणाच्याही होतं.

नात टॉवेल खांद्यावर टाकून पायऱ्या उतरत होती.

त्याने मोटर बंद केली आणि ओरडला, "मॅडम, तिला थांबवा! डॉकवर पाय ठेवू नका, पाण्यात हात घालू नका. केबल पाण्यात पडलीये. काठावरचा मेन स्विच बंद करा."

बाईंनी आधी नातीचा दंड धरला आणि मग स्विचकडे गेल्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण. वर्षापूर्वी हाच मुलगा, याच पाण्यावरून, हेच ओरडला असता तर बाईंनी आधी पंपाचं बटण दाबायला डॉकवर धाव घेतली असती. आणि त्याने तरी हाक मारली असती की नाही, देव जाणे. ज्या दारात आपल्याला हाकलून दिलं त्या दाराखाली काय लोंबतंय हे सांगायला किती माणसं थांबतात?

वायरमन आला, केबल बदलली. गळती झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच डॉकवर होता, पण तो कधीचा निकामी झाला होता, तोही बदलला. नवरा असताना तो दर वसंतात तपासायचा. बाईंना ते माहीत नव्हतं. तार परत ओढून डॉक सरळ केला त्या दिवशी त्यांनी तरुणाला कठड्याशी बोलावलं आणि नवऱ्याची एक वही दाखवली. कुठलं झाड कुठे बुडवलं, किती खोल, सगळं पेन्सिलीने काढलेलं होतं. "उजवीकडचं सगळ्यात मोठं," त्या म्हणाल्या. "त्याला मासा लागला की मला हाक मार. मला बघायचाय."

शेजारच्या डॉकवर मात्र अजून पाइप सुरू व्हायचा. तो गृहस्थ दुरून होडी दिसली की बागेला पाणी घालायचा पाइप घेऊन येई आणि फवारा होडीच्या दिशेने धरी. तरुण रॉड खाली ठेवून निघून जाई. त्याच्या डॉकखालीही तरुणाने काही पाहिलं होतं. फोम जुना, उघडा होता. पाणउंदीर उघड्या फोममध्ये बिळं करतात. म्हणून हल्ली फोम कवचात बंद केलेला असतो. याच्या एका कोपऱ्यातला जवळजवळ निम्मा फोम त्यांनी पोखरून बाहेर काढला होता. त्या कोपऱ्यावरच लिफ्टचं वजन होतं. दोनदा त्याने सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फवाऱ्यात शब्द गेले. शेवटी त्याने ते बाईंना सांगितलं आणि बाईंनी कुंपणावरून शेजाऱ्याला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" शेजाऱ्याने विचारलं.

"ज्याच्यावर तुम्ही पाणी मारता, त्याने."

पुढच्या शनिवारी शेजारी डॉकवर होता. पाइप खुंटीला गुंडाळून ठेवलेला होता. तरुणाने सवयीने लांबून हात केला आणि होडी वळवायला लागला.

"थांब," शेजारी म्हणाला. "कुठला कोपरा?"

"उत्तरेकडचा. वाकून बघा, पाण्याच्या पातळीशी."

शेजारी पोटावर आडवा झाला आणि कडेवरून डोकं खाली घातलं. बराच वेळ तो तसाच होता. मग उठून गुडघे झाडत म्हणाला, "दुसऱ्या बाजूचंही बघून सांगशील का? मला इथून दिसत नाही."